हॉलच्या भिंतीवर गव्याचे मोठे कॅनव्हास चित्र शोभेल का?

रंकाळाकाठ:
नमस्कार. आमच्या फ्लॅटचा हॉल १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. गेल्या हिवाळ्यात दाजीपूरच्या अभयारण्यात धुक्यात उभा असलेला गवा पाहिला आणि तेव्हापासून सोफ्यामागच्या रिकाम्या भिंतीवर त्याचेच चित्र असावे, असे मनाने घेतले आहे. निळ्या, नारिंगी आणि जांभळ्या रंगांचे पॅलेट नाईफने थापल्यासारखे जाड फटकारे असलेले एक डिजिटल चित्र मी चित्रकाराकडून रीतसर विकत घेतले असून, त्यातला डोक्याचा भाग तेवढा मोठा करून छापावा असा विचार आहे. सासूबाईंना बैठकीच्या खोलीत रोखून पाहणारे रानटी जनावर नको आहे, तर यजमान म्हणतात की आधी दोन फुटांचे लहान चित्र लावून पाहू. भिंत पिस्ता रंगाची, सोफा सात फुटी आणि मरून, पडदे फुलाफुलांचे आहेत. भिंत पश्चिमेची असल्याने पावसाळ्यात तिला थोडी ओल येते. काय करावे?

निवृत्त कलाशिक्षक:
ताई, सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळे आहे. आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेस राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिली आहेत; त्यामुळे भिंतीवर नुसते समोरून दिसणारे डोके आले की ते चित्र न वाटता शिकारीचे मुंडके वाटते. मूळ चित्रात खांदा, पाठीचा उंचवटा आणि गुडघ्याखालचे ते पांढरे मोज्यांसारखे पाय असतील, तर ते कापू नका. गव्याचा डौल खांद्यात आहे.

दोन फुटांचा सल्ला मात्र मानू नये. जाड फटकाऱ्यांचे चित्र जवळून नुसते रंगांचे गोळे दिसते आणि आठ-दहा फुटांवरून त्यातून जनावर उभे राहते. लहान आकारात ही गंमतच उरत नाही. चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश ठेवावी, म्हणजे सात फुटांच्या, अर्थात ८४ इंचांच्या सोफ्यावर ५६ इंच. आधी वर्तमानपत्रे चिकटवून तेवढा आयत भिंतीवर करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून आठ-दहा इंच वर असावी.

पिस्ता रंगावर जांभळा आणि नारिंगी एकमेकांशी भांडतील, म्हणून ती एकच भिंत मळकट पांढऱ्या रंगाची करून घ्यावी आणि पडदे साधे घ्यावेत. मरून सोफा राहू दे.

कॅनव्हास छपाई करणारा:
छपाईबद्दल दोन शब्द. ५६ इंच रुंदीसाठी प्रति इंच १५० पिक्सेल धरले तर फाइल ८,४०० पिक्सेल रुंद लागते. लांबून पाहायचे असल्याने १०० पिक्सेलवरही, म्हणजे ५,६०० वर, काम निभावते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नये, कारण ती आक्रसते. चौकटीवर ताणताना कापडाची दीड-दोन इंच कड बाजूने मागे वळते, म्हणून शिंगांची टोके कडेपासून आत आहेत ना, हे छापण्याआधी पाहावे. नाहीतर शिंग भिंतीला टेकलेले दिसेल. आणि कृपा करून फ्लेक्सच्या कापडावर छापू नका. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांना ते ठीक, घरात त्याची चकाकी डोळ्यांवर येते. सुती कॅनव्हास, पिगमेंट शाई आणि वरून मॅट लेप मागून घ्या.

पावसाळी अनुभव:
ओल येणाऱ्या भिंतीवर आम्ही असेच चित्र लावले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात कापड सैल पडले आणि मागे काळी बुरशी धरली. बाहेरून गळती बंद करून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय काहीही टांगू नका, आणि नंतरही मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवेला फट ठेवा. त्यापेक्षा सोफा समोरच्या आतल्या भिंतीला हलवणे सोपे नाही का?

रंकाळाकाठ:
सर्वांचे आभार. मूळ चित्रात खांदा आणि पुढचे दोन्ही पाय आहेत. डोके तेवढे ठेवायची कल्पना माझीच होती. पूर्ण चित्र सासूबाईंना मोबाइलवर दाखवले, तर त्या म्हणाल्या, "हा तर चरायला निघालाय." सोफा आतल्या भिंतीला सरकवला आहे आणि सध्या तिथे वर्तमानपत्रे चिकटवली आहेत.