मदत हवी आहे: इट्राकोनाझोल देऊनही मांजरांचा नायटा परततो, आता किटोकोनाझोल द्यावे का?

प्रश्न
निवाऱ्यातली एक मांजर, वजन ३ किलो, आणि तिची दूध सुटलेली दोन पिल्ले. कल्चरमध्ये (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघणे) मायक्रोस्पोरम कॅनिस ही नायट्याची बुरशी आली. इट्राकोनाझोल (पोटातून द्यायचे बुरशीनाशक) किलोमागे ५ मिग्रॅ, दिवसातून एकदा, एक आठवडा चालू आणि एक आठवडा बंद, असे तीन फेरे झाले. औषध पावडरीपासून बनवून घेतलेले सस्पेन्शन होते. टकलावर केस आले, पण कानांमागे आणि पंजांवर पुन्हा खपल्या आहेत. वरून फक्त डागांपुरते क्लोट्रिमाझोल मलम. बुरशी औषधाला दाद देत नाही असे धरून किटोकोनाझोल सुरू करावे का?

प्रतिसाद १
किटोकोनाझोल नको. मांजरांना ते सोसत नाही. खाणे सुटते, उलट्या होतात, यकृताला त्रास होतो. शिवाय सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) किंवा आयव्हरमेक्टिन (परजीवींवरचे औषध) चालू असेल तर त्यांची शरीरातली पातळी वाढवून ठेवते.

रेझिस्टन्सचा, म्हणजे बुरशी औषधाला दाद देत नसल्याचा, संशय सगळ्यांत शेवटी. आधी ती बाटली बघा. इट्राकोनाझोल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. कंपनीच्या कॅप्सूलमध्ये ते बारीक दाण्यांवर चढवलेले असते, तयार द्रावणात सायक्लोडेक्स्ट्रिन (औषध विरघळवून ठेवणारा पदार्थ) असते, आणि हा सगळा खटाटोप आतड्यातून शोषण व्हावे म्हणूनच असतो. कच्च्या पावडरीच्या सस्पेन्शनमध्ये यातले काहीच नाही. हिशेबाने मात्रा बरोबर, पण रक्तात किती उतरते याचा भरवसा नाही. तुमचे तीन फेरे झाले असे मी तरी मानणार नाही.

१० मिग्रॅ प्रति मिलीचे तयार द्रावण घ्या. ३ किलोच्या मांजरीला १५ मिग्रॅ, म्हणजे १.५ मिली. ८०० ग्रॅमच्या पिल्लाला ०.४ मिली, तेही १ मिलीच्या सिरिंजने मोजून. पिल्ले वाढत असतात, म्हणून प्रत्येक फेऱ्याआधी वजन करून मात्रा नव्याने काढा. १०० मिग्रॅची कॅप्सूल उघडून दाणे वाटणे पिल्लांसाठी निव्वळ अंदाजपंचे आहे. कॅप्सूलच द्यावी लागली तर खाण्यासोबत, कारण तिला पोटातले आम्ल लागते. ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारे औषध) चालू असेल तर शोषण घटते. द्रावण रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते, जुलाब मात्र होऊ शकतात.

प्रश्नकर्ता
द्रावण मिळाले नाही तर? टर्बिनाफिन की ग्रिसिओफुल्विन?

प्रतिसाद २
टर्बिनाफिन. किलोमागे ३० ते ४० मिग्रॅ, रोज एकदा. ३ किलोला ९० ते १२० मिग्रॅ होतात. २५० च्या गोळीचा अर्धा भाग १२५ भरतो, म्हणजे किंचित जास्तच. काही मांजरांना उलटी होते, काहींचा चेहरा खाजतो. ग्रिसिओफुल्विन गाभण मांजरीला अजिबात नाही, गर्भात व्यंग येते. एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) असलेल्या मांजरीत ते अस्थिमज्जा दाबते, म्हणून आधी ती चाचणी हवीच. फ्लुकोनाझोल या बुरशीवर कमजोर आहे, आणि लुफेन्युरॉनचा उपयोग नाही. यांपैकी काहीही पोटातून द्यायचे तर यकृताची तपासणी आधी करून घ्या. मधेच खाणे सुटले तर औषध थांबवून पशुवैद्यांना दाखवा.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांशी सहमत, पण माझ्या मते मोठी चूक त्या मलमात आहे. पोटातले औषध केसाच्या मुळाशी काम करते. आधीच अंगभर पसरलेले बीजाणू त्याने मरत नाहीत. डागावर मलम लावले तरी बाकीचा कोट तसाच राहतो, आणि मांजर चाटून ते पोटात घेते ते वेगळेच. ट्यूबवर क्लोट्रिमाझोलसोबत स्टेरॉइड लिहिलेले असेल तर आजच बंद करा. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी आत मोकाट राहते.

आठवड्यातून दोनदा संपूर्ण अंगाला लाइम सल्फर (चुना-गंधक) किंवा ०.२ टक्के एनिलकोनाझोल या बुरशीनाशकाचे द्रावण लावा आणि धुऊन न टाकता सुकू द्या. सुकेपर्यंत गळ्यात चाटू न देणारी कॉलर. लाइम सल्फरला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पांढरे केस पिवळे पडतात, चांदी काळी होते. ते जमत नसेल तर २ टक्के मायकोनाझोल आणि २ टक्के क्लोरहेक्झिडिनचा शॅम्पू: १० मिनिटे फेस ठेवून मग धुवा. कानांच्या आत आणि डोळ्यांजवळ द्रावण पोचत नाही. नेमके तिथेच उरते. संपूर्ण अंग मशीनने भादरू नका, कातडीला बारीक जखमा होऊन लागण पसरते. डागाभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापले तरी पुरे.

जागेची सफाई करताना आधी केस गोळा करा, मग साबणाने धुवा, मग १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी. मळावर ब्लीच ओतून काही होत नाही. अंथरुणे दोनदा धुतली की साधे पाणीही चालते.

केस आले म्हणजे बरे झाले असे नाही. नव्या टूथब्रशने सगळे अंग, शेवटी डाग विंचरून कल्चर करा. वुड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) केसाची टोके हिरवी आणि मुळाकडचा भाग काळा दिसला तर औषध लागू पडतेय. मुळापासून चमक असेल तर लागण चालू आहे. कल्चरचा नमुना पुढच्या द्रावणाआधी, कोरड्या अंगावरून घ्या. द्रावण लावल्यावर लगेच घेतला तर खोटा निगेटिव्ह येतो.