मदत हवी आहे: रिट्रीटमधला उपवास आणि ताईची लिथियमची गोळी

सर्वांना सलाम. आम्ही जालन्याचे. मे महिन्यात आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, तीन दिवसांचं निवासी रिट्रीट (प्रार्थना शिबिर) आहे, विषय विश्वास आणि मानसिक आरोग्य. ताईला मनापासून जायचंय. बॅग आत्ताच भरून ठेवलीय, वरच बायबल आणि गोळ्यांचा डबा.

तिला बायपोलर आहे, म्हणजे मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार, आणि त्यासाठी लिथियम चालू आहे. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास आणि रात्रभर प्रार्थना आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, त्यात आपल्याकडचं ऊन. जागरणानेही आजार उसळू शकतो.

डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, पण पाणी, जेवण, झोप, गोळी काहीच चुकवायचं नाही. पाळकसाहेबही म्हणाले, उपवासाची सक्ती नाही. पण एका वडीलधाऱ्यांनी तिला थेट सांगितलं, ‘विश्वास असेल तर गोळी सोड.’ तेव्हापासून ती गप्प आहे. मी तिला बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाचून दाखवला. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो.

महिलांची सोय वेगळी असल्याने मला सोबत राहता येणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्याकडे आहे.

उपवास न धरता अशा रिट्रीटला कुणी राहिलंय का? चारचौघांत अवघडल्यासारखं न होता जेवणाची, झोपेची सोय कशी केलीत? आणि ‘गोळी सोड’ म्हणणाऱ्याला ताईने काय उत्तर द्यावं?