रहस्यकथा, अभिजात आणि बाकी सगळं: एका पुस्तकाने तुम्हाला दुसऱ्याकडे कसं नेलं?

‘तुम्ही कुठल्या प्रकारची पुस्तकं वाचता?’ या प्रश्नाला मला कधीच उत्तर देता आलेलं नाही. या घडीला माझ्या उशाशी खुनाची एक कादंबरी आहे, तिच्याखाली पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं पुस्तक, आणि त्याखाली एक जाडजूड रशियन कादंबरी. तिन्ही मी सारख्याच ओढीने वाचते. म्हणून तुमचे अनुभव ऐकायचे आहेत. कुठल्या पुस्तकाने तुम्हाला भलत्याच पुस्तकापाशी नेऊन सोडलं ते लिहा. एकच विनंती, खुनी कोण ते मात्र फोडू नका.

सुरुवात माझ्यापासून. दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मी रहस्यकथा समजून हातात घेतली. संशयितांची नावं लिहायला कागदही घेऊन बसले होते. पण पहिला भाग संपायच्या आतच खून होतो, तोही आपल्या डोळ्यांदेखत. कागद वाया गेला नाही, त्यावर नावांची जंत्री झाली: रास्कोल्निकोव्ह म्हणजेच रोदिओन रोमानोविच, म्हणजेच आईचा रोद्या. तपास करणारा पोर्फिरी हसतो, येरझाऱ्या घालतो, मध्येच विषय बदलतो. त्याच्या हाती ठोस पुरावा नाही, हे आपल्याला जाणवत राहतं. तरी त्यांच्या भेटींची पानं वाचताना माझे तळहात घामेजले होते. ‘कोण’ हा प्रश्न उरलेला नसतानाही माणूस असा जागा राहू शकतो, हे मला १८६६ सालच्या त्या कादंबरीने दाखवलं.

*

माझी साखळी सरळ आहे. रहस्यकथांचा नाद होताच, म्हणून विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ घेतली. १८६८ची कादंबरी, त्यामुळे रटाळ असेल अशी मनाची तयारी केली होती. ती आधी डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती, आणि ते प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जाणवतं. ‘आता झोपू’ म्हणावं आणि शेवटच्या चार ओळींनी परत बसवावं!

त्यात बेटरेज नावाचा म्हातारा कारभारी आहे. घरातला हिरा चोरीला जातो, सगळे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, आणि हा गृहस्थ प्रत्येक अडचणीत ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो. उघडलेल्या पानावर त्याला हवा तो सल्ला मिळतोच. एका पुस्तकावर त्याने इतका जीव लावलेला पाहून मला राहवेना, आणि १७१९ साली आलेला क्रूसो मी पहिल्यांदा पूर्ण वाचला. लहानपणी वाचली होती ती संक्षिप्त आवृत्ती. मूळ पुस्तकात क्रूसो बेटावर हिशेब मांडून बसतो, आपल्या वाट्याला आलेलं वाईट एका बाजूला आणि चांगलं दुसऱ्या बाजूला. ते पान वाचताना मी थबकलो. एकटा पडलेला माणूस वेड लागू नये म्हणून चक्क जमाखर्च लिहितो आहे! तिथून मी दर्यावर्दींच्या रोजनिशींकडे वळलो तो अजून तिथेच आहे. हिरा कोणी चोरला ते आता मला नीटसं आठवत नाही, बेटरेज मात्र पक्का आठवतो.

*

मी भालबा केळकरांच्या अनुवादातून शेरलॉक होम्स वाचला, आणि तोही हाताला लागेल त्या क्रमाने. त्यामुळे १९०३ साली परत आलेला होम्स मला आधी भेटला आणि १८९३चा, होम्स धबधब्यात गेल्याचं सांगणारा शेवट नंतर. तो परत येणार हे ठाऊक असूनही वॉटसनचं ते शेवटचं निवेदन वाचताना गळा दाटून आला. त्या काळच्या वाचकांनी मधली दहा वर्षं कशी काढली असतील!

*

माझा अनुभव वाईट म्हणून सुरू झाला. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात पान ३७वर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. इतका संताप आला की पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. दोन दिवसांनी, दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून, पुन्हा उघडलं.

आणि मग जी मजा आली ती मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. नाव माहीत असल्यामुळे मी त्या माणसाच्या हातांवरच नजर ठेवून होते. तो पावसातून आल्याचं सांगतो. पुढच्याच परिच्छेदात दिवाणखान्याचं वर्णन येतं: पितळी घड्याळ, दोन काठ्या, कोरडी छत्री, जुना टोप, पत्रांचा गठ्ठा. कोरडी छत्री! लेखकाने ती लपवलेली नाही, फक्त यादीच्या मधोमध उभी केली आहे. नाव ठाऊक नसतं तर मी ती यादी डोळ्यांनी पुसत पुढे गेले असते.

रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दाखवला पाहिजे, हा त्यातलाच एक. तो नियम पाळूनही वाचकाला चकवता येतं, हे मला छत्रीमुळे समजलं. आता कुठलंही पुस्तक असो, वस्तूंची यादी आली की मी थांबते. अभिजात कादंबऱ्यांत तर एखाद्याच्या टेबलावर काय पडलं आहे यावरून घरातली ओढाताण कळते. ती वर्णनं मी पूर्वी सरसकट गाळायचे, याचं आता फार वाईट वाटतं.

*

वडील गेल्यानंतर चार महिने मला वाचता येत नव्हतं. ओळी दिसायच्या, अर्थ लागायचा नाही. पहिल्यांदा पूर्ण झाली ती वीसेक पानांची एक रहस्यकथा. तिच्यात काहीतरी बिघडतं आणि शेवटी त्याचं कारण सापडतं. मला तेव्हा तेवढंच हवं होतं. मोठी पुस्तकं पुढे वर्षभराने आली.

*

छत्रीचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या आजीची दृष्टी गेली आहे, म्हणून रोज रात्री मी तिला वाचून दाखवतो. कादंबरी, प्रवासवर्णन, चरित्र, तिला सगळं चालतं, पण रहस्यकथा लागली की ती उठून ताठ बसते. मोठ्याने वाचताना ओळ गाळता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही, त्यामुळे ती सगळं डोक्यात धरून ठेवते. परवा मध्येच म्हणाली, “थांब रे. ते परत वाच. ही बाई मघाशी म्हणाली ना, मी जिन्यावर कुणाला पाहिलं नाही? मग त्याच्या हातात दिवा होता हे हिला कसं कळलं?” मी सतरा पानं मागे गेलो. आजीचं बरोबर होतं.

सध्या बाराव्या प्रकरणावर आहोत. तिचा संशय डॉक्टरवर आहे, माझा पुतण्यावर. मी एकट्याने पुढे वाचणार नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.