मदत हवी आहे: वहिनीचं गृह आधार की विधवा पेन्शन? आणि घराच्या कागदावर सही करायची का?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझा मधला भाऊ आषाढात हार्ट अटॅकने गेला, ४१ वर्षांचा होता. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे कंत्राटदाराकडून कामाला होता, नऊ वर्षं एकाच ठिकाणी. वहिनी महाराष्ट्रातल्या दोडामार्गची, लग्न २००९ साली झालं, मुलगी १४ आणि मुलगा ९. वहिनी घरातच आबोलीच्या फाती (गजरे) करून देवळाकडे विकायला बसते, श्रावणात चार पैसे बरे मिळतात, एरवी विचारूच नका.

तिला गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकार गृहिणींना देतं ते, महिना १५०० येतात. आता पंच म्हणतो ते बंद करून दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत विधवा म्हणून फॉर्म भर. पण आधी हे बंद केलं आणि ते सुरू व्हायला सहा महिने लागले तर मधे काय खायचं? शिवाय त्याला १५ वर्षांचा रहिवासी पुरावा लागतो आणि वहिनीचं नाव रेशन कार्डावर २०१३ ला चढलंय, कारण तेव्हा कुणी मनावरच घेतलं नाही.

तिच्या माहेरच्यांनी वेगळंच काढलंय, दोडामार्गच्या पत्त्यावर लाडकी बहीणचा फॉर्म भर म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. राहते गोव्यात, रेशन कार्ड गोव्याचं, उद्या वसुलीची नोटीस आली तर हीच एकटी फसणार.

आणि खरी अडचण लिहायला लाज वाटते पण लिहिते. आमचं घर अजून बाबांच्या नावावर आहे, बाबा २०१७ ला वारले. थोरला भाऊ वहिनीला म्हणतो एका कागदावर सही कर, घर माझ्या नावावर झालं की मुलांचं मी बघतो. तो वाईट नाही हो, पण कागद बघितला तर हक्कसोडीचा. वहिनी सही करायला तयार बसलीय, म्हणते भावोजींना नाही कसं म्हणू. मी नणंद, मी बोलले तर मीच घर फोडणारी. काय करावं? बँकेत पण तीन हेलपाटे झाले, दर वेळी नवीन कागद सांगतात. भावाचं पासबुक भरून आणलंय, त्यात ४३६ आणि २० असे काही कापलेले दिसतात, ते कसले तेही माहीत नाही.

म्हापशाची_काकू
ताई आधी तुझ्या वहिनीला सांग, सही करू नको. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलंय का, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नव्हता ना? नोंद असेल आणि करार नसेल तर आपल्या गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी, वडिलांकडून आलेला वाटा सुद्धा त्यात येतो. म्हणजे तुझ्या भावाच्या वाट्यातलं अर्धं तिचं स्वतःचं आणि उरलेलं अर्धं मुलांचं. मुलांचा वाटा आई अशी परस्पर सोडू शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते. नाही म्हणायला जड जातं तर वकिलावर ढकलायचं, "वकील नको म्हणतो", झालं. बायकांना तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो.

पेन्शनचं म्हणशील तर माझ्या जावेने गृह आधार बंद करायचा अर्ज महिला व बाल विकासला दिला आणि त्याची शिक्का मारलेली कॉपी जोडून समाज कल्याणला नवीन फॉर्म, एकाच आठवड्यात. गप्प राहून दोन्ही घेऊ नका. रेशन कार्ड राहू दे, लग्नाचं सर्टिफिकेट घेऊन मामलेदाराकडे जा, त्यावर २००९ आहे ना.

पीएफ_कारकून
सगळे १५०० वर अडकलात, मोठे पैसे दुसरीकडे आहेत. नऊ वर्षं नोकरी म्हणजे पीएफ कापला जात असेल, पगाराची स्लिप शोधा, त्यावर यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) असतो. तीन फॉर्म: पीएफसाठी २०, विधवेच्या आणि मुलांच्या पेन्शनसाठी १०डी, विम्यासाठी ५आयएफ. नोकरीत असताना गेला तर विमा ७ लाखांपर्यंत असतो. मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन. कंत्राटदार टाळाटाळ करेल, पण त्याने कापलेले पैसे त्याच्या खिशात नसतात, थेट पणजीच्या पीएफ ऑफिसात जा.

आणि ते ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, मृत्यू कशानेही होवो, २ लाख. २० वाला अपघाताचा, तो इथे लागू नाही. ४३६ शेवटचे कधी कापलेत?

धागाकर्ती
आत्ताच वहिनीला उठवून पासबुक बघितलं. २०२३ पासून दर वर्षी मे महिन्यात, या मे मधे पण आहेत. तीनदा गेलो तेव्हा बँकेत एकानेही हे सांगितलं नाही, पासबुक समोर होतं! स्लिपा भावाच्या गाडीच्या डिकीत असतील, उद्या सकाळी बघते. सहीचं मी वहिनीशी फाती करताना बोलेन, तेव्हा ती ऐकते. काकू, त्या फुकट वकिलाकडे पहिल्यांदा जाताना कुठले कागद न्यायचे तेवढं सांगाल का?