मदत हवी आहे : प्लिनियन सोसायटीच्या इतिवृत्तातली खोडलेली नोंद

एडिंबरा विद्यापीठातल्या प्लिनियन सोसायटीवर लेख लिहिते आहे. 1823 साली सुरू झालेलं हे विद्यार्थ्यांचं मंडळ. विद्यापीठाच्याच तळघरातल्या एका खोलीत जमायचं, निसर्गविज्ञानावर निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा. चार्ल्स डार्विन 1826 मध्ये सभासद झाला.

गाडी अडली आहे ती 27 मार्च 1827 च्या बैठकीपाशी. अठरा वर्षांच्या डार्विनने त्या दिवशी दोन शोध मांडले: फ्लस्ट्रा या समुद्री जीवाची तथाकथित अंडी म्हणजे स्वतः हालचाल करणाऱ्या अळ्या असतात, आणि शिंपल्यांत सापडणारे काळे कण ही एका सागरी जळवेची अंडी असतात. त्याच बैठकीत विल्यम ब्राउनने मन हे भौतिकच आहे, असा निबंध वाचला. त्याची नोंद नंतर इतिवृत्तातून खोडली गेली. मंडळात वादाला किती मोकळीक होती, हे मला याच खोडण्यातून सगळ्यात नेमकं कळतं, म्हणून ते मोघम सोडायचं नाही.

डार्विनचं आत्मचरित्र पाहिलं. त्यात तळघर आहे, त्याचा स्वतःचा निबंध आहे, पण ब्राउनचा विषयच नाही. चाळलेल्या चरित्रांत नोंद खोडल्याचं एका वाक्यात उरकलं आहे. एडिंबराला जाणं शक्य नाही. इंग्रजी हस्तलिखित वाचता येतं.

तर, त्या पानाचं छायाचित्र किंवा खोडलेल्या ओळींसकट छापलेली संहिता घरबसल्या कुठे पाहता येईल? आणि ती नोंद कोणी खोडली, याचा पुराव्यानिशी विचार कुणी केला आहे का?