ब्रेक ओढल्यावर नाक वर का उठतं?

तुमच्या रिमोटवर उडणाऱ्या (आरसी) मॉडेल ग्लायडरबद्दल तुम्ही लिहिलंय की ब्रेकची स्टिक ओढली, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली उतरवले, की ग्लायडरचं नाक उठतं, आणि ब्रेकबरोबर एलेव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी आडवी पट्टी) आपोआप खाली जाईल असा मिक्स लावला तर पूर्ण ब्रेकला ते डाइव्ह मारतं. मिक्सला एकच सरळ टक्केवारी दिली की हेच होणार. फ्लॅप उतरायला लागले की लिफ्ट सुरुवातीलाच झपाट्याने वाढते. पुढे ६०-७० अंशांपर्यंत वाढतो तो मुख्यतः ड्रॅग (हवेचा विरोध). म्हणून मिक्सला सरळ टक्केवारीऐवजी ५ पॉइंटचा कर्व्ह लावा: पहिल्या अर्ध्या स्टिकमध्ये एलेव्हेटर भराभर खाली, मग जवळपास सपाट. एजटीएक्समध्ये (रिमोटच्या EdgeTX सॉफ्टवेअरमध्ये) हे अगदी सोपं आहे.

त्याआधी फ्लॅपचे सर्व्हो (फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरी) तपासा. फ्लॅपला खाली भरपूर आणि वर जेमतेम जायचं असतं, त्यामुळे हॉर्न (सर्व्होचा हात) मध्यावर न बसवता मुद्दाम कलता बसवायचा. सबट्रिमने, म्हणजे रिमोटमधून सर्व्होचा मध्य सरकवून, खेचून आणलं तर एका बाजूचा थ्रो (हालचालीचा पल्ला) कमी पडतो आणि डावा-उजवा फ्लॅप मध्येच कुठेतरी वेगळे चालतात.

थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेत तरंगायचा) आणि स्पीड या मोडमधून एकातून दुसऱ्यात जाताना एखाद्या सेकंदाचा फेड, म्हणजे हळूहळू होणारा बदल, ठेवा, एलेव्हेटर ट्रिम प्रत्येक मोडला वेगळा.

कर्व्हची चाचणी भरपूर उंचीवर घ्या, लँडिंगला नाही. नाशिकजवळ गंगापूर धरणाकडे सकाळी, वारा सुटायच्या आत, हे छान जमतं. ओझर (विमानतळ) आणि देवळालीच्या (लष्करी भाग) आसपास मात्र नको; कुठेही जाण्याआधी कुठे उडवायला बंदी आहे ते दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा बघाच.

आणि कृपा करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) ‘होल्ड’वर, म्हणजे शेवटच्या स्थितीतच राहील असा, ठेवू नका. सिग्नल गेला तर ब्रेक उघडायला हवेत, नाहीतर ग्लायडर थर्मलमध्ये वाहत कुठल्या कुठे जाईल.