सॉल गुडमन कुणी घडवला? माझं मत : थोरल्या भावानं (स्पॉयलर भरपूर आहेत)

अर्धाकप

'बेटर कॉल सॉल' काल रात्री दुसऱ्यांदा संपवली. 6 सीझन, 63 एपिसोड. पहिल्या वेळी मी 'ब्रेकिंग बॅड'च्या ओढीनं बघितली होती (ही त्याच्या आधीची गोष्ट, जिमी मॅगिल हा वकील पुढं सॉल गुडमन नावाचा लबाड वकील कसा होतो त्याची), कधी एकदाचे ते भडक सूट आणि टीव्हीवरच्या जाहिराती येतायत असं झालेलं. यावेळी माझं सगळं लक्ष जिमीच्या थोरल्या भावाकडे, चककडे गेलं आणि आता माझं ठाम मत झालंय की जिमी मॅगिलचा सॉल गुडमन केला तो त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्बुकर्की, न्यू मेक्सिको. चक म्हणजे नावाजलेला वकील, मोठ्या फर्मचा पार्टनर. धाकटा जिमी लहानपणापासून लोकांना टोप्या घालणारा, चकनं त्याला जेलमधून सोडवून स्वतःच्या फर्ममध्ये टपाल वाटायच्या कामाला लावला. जिमीनं कुणाला न सांगता पत्राद्वारे लॉ केलं, बारची परीक्षा तिसऱ्या झटक्यात पास केली आणि निकालाचं पत्र घेऊन चककडे गेला. चकनं तोंडावर कौतुक केलं आणि मागून पार्टनरला, म्हणजे हॉवर्डला सांगितलं की याला फर्ममध्ये घ्यायचं नाही.

पुढं चकला विजेची अ‍ॅलर्जी झाली (म्हणजे त्याच्या मते). घरात एक दिवा नाही, कंदिलावर सगळं, येणाऱ्यानं मोबाइल आणि घड्याळ बाहेर पत्रपेटीत ठेवायचं. जिमी रोज त्याला बर्फ, पेपर, किराणा नेऊन देतोय. आणि हा माणूस, ज्याला मोबाइल खोलीत सहन होत नाही, तो रात्री उठून बाहेर जातो, पत्रपेटीतून जिमीचाच फोन काढतो आणि त्याच फोनवरून हॉवर्डला कळवतो की माझ्या भावाला नोकरी देऊ नकोस! भावाला अडवण्यासाठी वीजसुद्धा चालली. नंतर तोंडावर काय म्हणतो, तर तुझ्या हातात कायदा म्हणजे माकडाच्या हातात मशीनगन.

त्या दिवशी चकनं नुसतं 'ये' म्हटलं असतं तर सॉल गुडमन जन्मालाच आला नसता. पटतंय का बघा.

फौजदारी

साफ असहमत. मी 19 वर्षं तालुका कोर्टात वकिली करतोय आणि हे आर्ग्युमेंट मी स्वतः शंभरदा केलंय. बाप दारू प्यायचा, भावानं घराबाहेर काढलं, साहेब पोरगं चांगलंय. शिक्षा कमी करायला हे बोलायचं असतं, निर्दोष ठरवायला नाही. तुम्ही थेट निर्दोषच सोडताय की राव.

चकनं अडवायच्या किती आधीपासून जिमी बर्फावर मुद्दाम घसरून पैसे उकळत होता. बापाच्या दुकानाच्या गल्ल्यातून पैसे मारणारा तो पोरगा, तेव्हा चक कुठं होता मध्ये? आणि आयरीन आठवा. वृद्धाश्रमातली म्हातारी, जिमीवर जीव टाकणारी. सॅण्डपायपर या वृद्धाश्रम चालवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या केसमध्ये लवकर तडजोड झाली की जिमीला पैसे मिळणार, म्हणून हा तिच्या मैत्रिणींच्या मनात विष कालवतो, बिंगो फिक्स करून तिलाच जिंकवतो म्हणजे बाकीच्या जळतील. ती बाई एकटी बसून रडते तेव्हा कुठं ती सही करते. हे पण चकच्या नावावर टाकायचं?

(जाता जाता : आपल्याकडे सॉल गुडमन झालाच नसता. बार कौन्सिलचा नियम 36, वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्याचा पहिला होर्डिंग लागला असता आणि नोटीस हातात.)

चिंचगुळ

नियम 36 वाचून हसले 😄

पण आयरीनचं अर्धंच सांगितलंत वकीलसाहेब. तिची मोडलेली मैत्री जोडायला नंतर त्यानं काय केलं? स्वतःच्या अंगाला माइक लावून, चुकून चालू राहिल्याचं नाटक करून, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर स्वतःची लबाडी स्वतःच्याच तोंडानं ऐकवली. म्हाताऱ्या लोकांच्या केसेस हा त्याचा एकुलता एक बरा धंदा होता, तो त्यानं त्या पाच मिनिटांत घालवला. आणि गंमत म्हणजे ज्या एपिसोडमध्ये चक त्याला सांगतो की तू माझ्यासाठी कधी फार महत्त्वाचा नव्हतासच, त्याच एपिसोडमध्ये हे आहे. म्हणजे अर्धाकप यांची थिअरी पण इथंच लंगडी पडते. भावानं तोडलं तेव्हाही पोरगा चांगलं वागू शकत होता. कारण किमचा (जिमीची वकील मैत्रीण, पुढं बायको) नुकताच अपघात झाला होता, कामानं थकून गाडी चालवताना झोप लागून, आणि तो घरी तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघत होता.

माझं म्हणणं, जिमीला स्वतःचं असं पात्र नाहीच. समोर जो बसलाय त्याच्या नजरेत तो जसा दिसतो तसा तो होतो. चकसमोर चोर, ठगगिरीतला जुना जोडीदार मार्कोसमोर ठग, किमसमोर अर्धा हिरो.

झोपमोड

मी दुसऱ्या सीझनवर आहे. नेटफ्लिक्स उघडायच्या आधी सहज इथं डोकावलो. धन्यवाद मंडळी, जेवायच्या आधीच ताट उचललंत.

चिंचगुळ

शीर्षकात लिहिलंय हो दादा.

उंबरठा

किमसमोर अर्धा हिरो? ताई, किमनं त्याला जेवढं बिघडवलं तेवढं चकच्या बापजाद्यांना जमलं नसतं. चक निदान उघड विरोध करत होता. किम प्रत्येक वेळी नापसंतीचा चेहरा करणार आणि संध्याकाळी त्याच लबाडीच्या गोष्टीवर ड्रिंक घेत हसणार. तिनं दिलेला तो मग आठवतोय ना, 'जगातला दुसऱ्या नंबरचा वकील'? तो नवीन ऑफिसच्या महागड्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये बसतच नाही, जिमी रात्री लोखंडी पाना घेऊन होल्डर ठोकून ठोकून वाकवतो. सगळे याला जिमीच्या घुसमटीचा सीन म्हणतात. मला तर वाटतं तिथंच कळतं की किमसाठी हा माणूस चांगली नोकरी पण मोडून टाकणार.

आणि हॉवर्ड! इतक्या चर्चेत कुणी हॉवर्डचं नाव सुद्धा धड काढत नाही. त्याचा गुन्हा काय? चकचं ऐकलं आणि केस नीट विंचरले. सकाळी उठून बायकोसाठी कॉफी करतो, फेसावर नक्षी काढतो, आणि ती बघते न बघते तोच कॉफी प्रवासाच्या मगमध्ये ओतून निघून जाते. असा एकटा पडलेला माणूस. त्याला हे दोघं नवराबायको ड्रगवाला ठरवतात, का तर मजा येते. शेवटी तो यांच्या घरी जाब विचारायला येतो आणि ड्रग टोळीतल्या लालोच्या गोळीनं मरतो. तुम्ही बसा जिमीच्या बालपणाचा कोळसा उगाळत.

चिंचगुळ

किमबद्दल गैरसमज नको. मी तिला क्लीन चिट दिलीच नाहीये, उलट माझा राग याचाच आहे की लोक तिला जिमीनं बिघडवलेली साधी मुलगी समजतात. ती आधीपासूनच तशी होती. लहानपणी दुकानात कानातलं चोरताना सापडते, आई दुकानदारासमोर तिला फाडफाड बोलते आणि बाहेर आल्यावर हसत तेच कानातलं तिच्या हातात ठेवते, हळूच उचलून आणलेलं! आणि किम मोठी झाल्यावर तेच घालून कोर्टात फिरते. म्हणजे चोरी पकडली गेली तरी आई खूश होते हे तिनं त्या वयात शिकलं.

आणि हॉवर्डच्या प्लॅनच्या वेळी ती सांता फेला निघालेली, गोरगरिबांच्या केसेससाठी मोठी देणगी मिळायची शक्यता असलेली मीटिंग, जे तिचं स्वप्न होतं. वाटेत जिमीचा फोन येतो की प्लॅन फिसकटला, आज सोडून देऊ. तो म्हणतोय सोडून देऊ. ही हायवेवर गाडी वळवते. जिमीनं नाही वळवली ती.

अर्धाकप

ओके, चिंचगुळ यांचा गाडी वळवण्याचा मुद्दा मान्य, तो मी पूर्ण विसरलेलो.

पण चकवरून मी हटणार नाही. शेवटचा एपिसोड बघा. जिमीवर जन्मठेप अधिक 190 वर्षांची तलवार लटकतेय आणि पठ्ठ्यानं ती बडबड करून सात-साडेसात वर्षांवर आणलीय, वर दर शुक्रवारी आइस्क्रीम. सगळं सेट. आणि मग भर कोर्टात तो स्वतःच सगळं कबूल करत सुटतो. 'ब्रेकिंग बॅड'मधल्या ड्रग बनवणाऱ्या वॉल्टर व्हाइटला मदत केली, पैसा कमावला, हॉवर्ड, सगळं. पण सर्वात शेवटी काय कबूल करतो? चकचा विमा. म्हणजे आठवत नसेल तर, सनद निलंबित असताना जिमी विमा कंपनीच्या ऑफिसात आपले पैसे परत मागायला जातो, मिळत नाहीत, मग खोटं रडून हळूच सांगून टाकतो की माझ्या भावाचं डोकं फिरलंय, कोर्टात भर सुनावणीत कोसळला. त्यावरून फर्मचा विमा महागतो, हॉवर्ड चकला बाहेर काढतो आणि चक घरात कंदील पाडून जळून मरतो. हे कोर्टात बोलल्यावर शेजारी उभा असलेला त्याचा स्वतःचा वकील कुजबुजतो की अरे हा तर गुन्हा पण नाहीये. आणि जिमी म्हणतो, होता.

मला दोन्ही वेळा इथं रडू आलं. कायद्यात ज्याला कलमच नाही असा एक गुन्हा तो माणूस इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होता. हे भावाशिवाय कसं समजावणार तुम्ही?

फौजदारी

सीन उत्तम आहे, वाद नाही. पण ती कबुली कुणासाठी होती? किम कोर्टात यावी म्हणून आधी यानं सरकारी लोकांना सांगितलं की माझ्याकडे किमविरुद्ध आणखी माहिती आहे. थाप. ती आली, मागच्या बाकावर बसली, मग साहेबांची गाडी सुरू झाली. अधूनमधून वळून तिच्याकडे बघतोय. मी असे पक्षकार बघितलेत, बायको कोर्टात आली की आवाज बदलतो.

चौथ्या सीझनमध्ये सनद परत मिळवायला यानं हेच केलं होतं. कमिटीसमोर चकचं पत्र काढलं, वाचता वाचता थांबला, भावाबद्दल डोळ्यात पाणी आणून बोलला. किम मागं बसून रडत होती. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर दात काढून म्हणतो कसा, बघितलंस का कसे फसले! किमचा चेहरा आठवा. त्याच माणसाचं दुसरं भाषण मी खरं का मानू?

चिंचगुळ

कारण पहिल्या भाषणानं सनद मिळाली आणि दुसऱ्यानं 86 वर्षं. भाव बघा ना साहेब.

उंबरठा

+१. आणि किम बघत होती म्हणून तो खरं बोलला, असं असेल तरी चालेल मला. हॉवर्डच्या बायकोला तर कुणीतरी खरं सांगायलाच हवं होतं. ते सुद्धा आधी किमनं केलं. फ्लोरिडातली स्प्रिंकलर कंपनीतली नोकरी आणि बटाट्याच्या सॅलडवर चर्चा करणारे मित्र सोडून, विमानानं येऊन, लेखी कबुलीजबाब समोर ठेवला. तिला तिथं कोणी प्रेक्षक नव्हता. परत जाताना बसमध्ये जी रडते ती.

फौजदारी

86 वर्षांचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही सध्या. विचार करतो.

पण चकबद्दल एक सांगतो, तुम्ही त्याला खलनायक केलंत ते मला पटत नाही. आई मरताना शेवटचा शब्द 'जिमी' म्हणाली, तेव्हा खोलीत चक एकटा होता. जिमी सँडविच आणायला गेला होता. उशाशी बसलेला थोरला आणि तोंडात नाव धाकट्याचं. जिमीनं परत आल्यावर विचारलं काही म्हणाली का, तर चक म्हणाला नाही. वाईट वागला. पण मी पण थोरलाच आहे घरात, त्यामुळे मला तो सीन दोनदा बघवला नाही.

अर्धाकप

अरे, मी धाकटा आहे. बहुतेक तिथंच आपला मतभेद आहे 🙂

भाऊबंदकीच्या केसेस येतात का हो तुमच्याकडे?

फौजदारी

अर्ध्या त्याच. एक वाटपाचा दावा आहे, 9 वर्षं चाललाय, विहिरीवरून सुरू झालेला. मी धाकट्याचा वकील. दोघं भाऊ कोर्टात एकमेकांकडे बघत नाहीत, व्हरांड्यात दोन टोकांना बसतात. पण गावातून सकाळी एकच एसटी आहे, त्यामुळे तारखेला येतात एकाच गाडीनं आणि जातात पण.

चिंचगुळ

बोलतात का गाडीत?

फौजदारी

नाही. तिकीट मात्र थोरला काढतो. दोघांचं.